घर नाही, धूर आहे
(चेस्लाव मिलोश यांच्या परतीच्या कविता)

बालपणीचे गाव सोडून गेलेला माणूस पुष्कळ वर्षांनी तेथे परततो आणि त्या भेटीविषयी लिहू लागतो, तेव्हा त्याच्यापुढे दोन सोप्या वाटा असतात. पहिली वाट गोडव्याची. तिच्या कडेने आजीच्या हातची भाकरी, विहिरीचे गार पाणी आणि तिन्हीसांजेची देवळातली घंटा ओळीने उभी असते. दुसरी वाट विलापाची. तिच्यावर विहीर बुजलेली असते, झाडे तोडलेली असतात आणि ओळखीचा एकही चेहरा दिसत नाही. या दोन्ही वाटांनी जाणारा लेखक प्रामाणिक असू शकतो. तरीही दोहोंत एक समान उणीव राहून जाते. त्या गावात आज जो माणूस राहतो, चूल पेटवतो, पोरे वाढवतो, तो अशा लेखनात बहुधा दिसत नाही. दिसलाच तर आपल्या आठवणीवर पाय देऊन उभा असलेला उपरा म्हणून दिसतो.

पवित्र शास्त्राने परतीचा प्रसंग याहून खोल पाहिला आहे. बाबिलोनच्या बंदिवासातून परत आलेल्या लोकांनी येरुशलेमात नव्या मंदिराचा पाया घातला, त्या दिवसाचे वर्णन एज्राच्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात आले आहे. जुने मंदिर ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते ते वृद्ध मोठ्याने रडू लागले आणि त्याच वेळी इतर अनेकांनी आनंदाने जयघोष केला. रडणे कोणते आणि जयघोष कोणता हे लोकांना वेगळे ओळखता येईना. परतीच्या साहित्याची खरी कसोटी या प्रसंगात आहे असे मला वाटते. दोन्ही आवाज ज्यात एकाच वेळी ऐकू येतात ते लेखन टिकते. विसाव्या शतकात या कसोटीला उतरलेले एक काव्य पोलिश कवी चेस्लाव मिलोश यांचे आहे. आपल्या वाचकांनी त्याची ओळख करून घ्यावी म्हणून हा लेखप्रपंच.

मिलोश यांचा जन्म ३० जून १९११ रोजी लिथुआनियातील शेतेयने या खेड्यात, आईच्या वडिलांच्या वाड्यात झाला. हा प्रदेश तेव्हा रशियन झारच्या अमलाखाली होता. घराणे पोलिश बोलणारे, जमीनदारीचे. भोवतालची शेतकरी प्रजा लिथुआनियन. जवळून नेव्हेझिस नदी वाहत असे. नदीकाठच्या ज्या चर्चमध्ये मिलोश यांचा स्नानसंस्कार झाला, त्या ठिकाणाच्या नावाचा अर्थच 'पवित्र उतार' असा आहे. पुढे विल्नो, म्हणजे आजच्या व्हिल्नियस, शहरात त्यांचे शिक्षण झाले. १९४० मध्ये सोव्हिएत सैन्याने लिथुआनिया व्यापल्यावर ते तेथून निसटून जर्मनव्याप्त वॉर्सात आले. महायुद्धानंतर काही वर्षे त्यांनी पोलंडच्या कम्युनिस्ट राजवटीच्या परराष्ट्र सेवेत काम केले आणि १९५१ मध्ये पॅरिसमध्ये तिच्याशी संबंध तोडून आश्रय घेतला. १९६० पासून ते कॅलिफोर्नियात बर्कली येथील विद्यापीठात शिकवू लागले. १९८० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. स्तोत्रसंहितेचा पोलिश अनुवाद करता यावा म्हणून उतारवयात हिब्रू शिकणारा हा कवी होता. परमुलुखातील नदीकाठी बसून आपल्या नगरासाठी रडणाऱ्यांचे एकशे सदतिसावे स्तोत्र त्यांच्या किती निकटचे असेल हे सांगायला नको.

परत जाता येत नव्हते त्या काळात त्यांनी गावाचे काय केले, हे आधी पाहिले पाहिजे. पोलिश वाङ्मयात दुरावलेल्या मायभूमीचे एक महाकाव्य पूर्वीच होऊन गेले होते. आदाम मित्सक्येविच यांचे 'पान तादेउश' १८३४ मध्ये पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाले. मित्सक्येविच यांना १८२४ मध्ये लिथुआनिया सोडावा लागला आणि १८५५ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे मृत्यू येईपर्यंत त्यांना तो पुन्हा दिसला नाही. त्यांच्या काव्यातील लिथुआनिया म्हणूनच निर्मळ राहिला. प्रत्यक्षाने त्याच्यावर कधी ओरखडा काढला नाही. मिलोश यांनी १९५५ मध्ये 'इस्साचे खोरे' ही कादंबरी लिहिली ती याच परंपरेत. इस्सा म्हणजे त्यांची नेव्हेझिस. तोमाश नावाचा मुलगा आजोबांच्या वाड्यात वाढतो, पक्षी आणि वनस्पती यांच्या मागे वेडा होतो, देवाधर्माविषयी आणि मृत्यूविषयी मनातल्या मनात प्रश्न विचारतो. त्या खोऱ्यात भुतेखेतेही नांदतात, त्यामुळे हे बालपण नुसते साखरेत घोळलेले नाही. तरीही ते पूर्ण आहे. त्याला काळाची वाळवी लागलेली नाही, कारण लेखकाने मागे जाऊन ते तपासलेले नाही.

तपासण्याची वेळ १९९२ मध्ये आली. लिथुआनियाने ११ मार्च १९९० रोजी स्वातंत्र्य जाहीर केले होते आणि १९९१ मध्ये सोव्हिएत संघालाही ते मान्य करावे लागले होते. मिलोश बावन्न वर्षांनी लिथुआनियात गेले, तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती. या भेटीतून आलेल्या कविता 'नदीच्या काठावर' या १९९४ च्या संग्रहात 'लिथुआनिया, बावन्न वर्षांनंतर' या शीर्षकाखाली एकत्र आहेत. मी त्या मिलोश यांनी स्वतः रॉबर्ट हास यांच्यासह केलेल्या इंग्रजी अनुवादातून वाचल्या. मूळ पोलिश नाद या मार्गाने पोचत नाही, तरी कवीच्या दृष्टीची दिशा पुरेशी पोचते.

या मालिकेतील 'वाडा' ही कविता मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कवी जन्मस्थानी येतो तेव्हा घर नाही. बाग आहे, पण तिच्यातील सर्वांत जुनी झाडे तोडली गेली आहेत आणि पाऊलवाटांवर झुडपे माजली आहेत. जेथे हिवाळ्यासाठी सफरचंदे ठेवत ते पांढरे, किल्ल्यासारखे कोठार पाडले गेले आहे. कुठे वळायचे हे पायांना आठवते, पण नदी मात्र ओळखू येत नाही. तिचे पाणी गाडीतल्या जळक्या तेलासारखे तांबूस झाले आहे, लव्हाळे नाही, कमळाची पाने नाहीत. मधमाश्यांची आवडती झाडांची रांग गेली, फळबागांत काटेरी रान आले. एवढे सांगून झाल्यावर एखादा दुसरा कवी हुंदका देता. मिलोश तेथे एक साधी गोष्ट लक्षात घेतात. हे ठिकाण आणि मी, एकमेकांपासून दूर असताना, एकाच वेळी वर्षामागून वर्षे पाने गाळत होतो. आज भेटलो आहोत ते दोघेही म्हातारे होऊन.

यानंतर कवितेची नजर वळते. पडलेल्या वाड्याच्या आवारात कोणीतरी फळ्या आणि विटा जोडून एक खोपट उभे केले आहे. त्याला धुराडे नाही. धुराड्याच्या जागी पत्र्याची नळी आहे आणि तिच्यातून धूर निघतो आहे. भोवतालच्या रानात कवीला एक ओळखीचे झुडूप दिसते आणि लहानपणी निसर्गशास्त्रज्ञ व्हायची स्वप्ने पाहणारा हा माणूस त्याला त्याच्या लॅटिन शास्त्रीय नावाने ओळख देतो. मग तो त्या धुराला, म्हणजे त्या धुराखाली शिजणाऱ्या साध्या जेवणाला, धन्य म्हणतो. कसेबसे, गरिबीने, पण जीवन चालू राहिले याबद्दल तो स्तुती करतो. लांबलचक हिवाळ्यात त्या माणसांपाशी निदान सरपण तरी होते, याचे त्याला समाधान वाटते.

या वळणाचे मोल नीट समजून घेतले पाहिजे. वाडा मिलोश यांच्या आईच्या घराण्याचा होता. खोपटातील माणसे कोण, ती तेथे कशी आली, त्यांचा त्या जमिनीवर हक्क काय, हे प्रश्न कवी विचारू शकला असता. सोव्हिएत काळात जमीनदारांच्या मालमत्ता जप्त झाल्या, शेते सामुदायिक झाली, १९४१ आणि १९४९ मध्ये हजारो कुटुंबे सैबेरियात धाडली गेली. या अन्यायाची जाण असूनही कवी त्या चुलीपाशी मालक म्हणून जात नाही. शेवटी हिवाळ्याचा उल्लेख करताना तो 'आपला' हा शब्द वापरतो. बर्कलीच्या ऊबदार हवेत तीस वर्षे राहिलेला हा म्हातारा त्या एका शब्दाने खोपटातील माणसांच्या थंडीत सामील होतो. कवितेची सारी नैतिक शक्ती मला त्या शब्दात दिसते.

'एक विवक्षित परिसर' या कवितेत हानीची नोंद अधिक थंड आवाजात येते. आपल्याला हा भाग पूर्वीपासून ठाऊक आहे हे कवी कोणालाही सांगत नाही. खेडी आणि बागा होत्या तेथे नुसती शेते आहेत. पाण्याची पातळी खाली गेली, दलदल नाहीशी झाली आणि तिच्याबरोबर तिचा वास, तिचे पक्षी, तिचे साप गेले. दोन तळी असायला हवीत, ती शेवाळून काळ्या मातीत गडप झाली असावीत. वसईच्या वाचकाला येथे थांबावेच लागेल. ज्यांनी आपली बावखले एकामागून एक भरावाखाली जाताना पाहिली, त्यांना या ओळींसाठी टीपेची गरज नाही. कवी येथे संताप व्यक्त करत नाही, पण गेलेली प्रत्येक वस्तू नाव घेऊन मोजतो. हेही एक प्रकारचे साक्ष देणे आहे. जे मोजले जात नाही ते गेल्याचेही पुढच्या पिढीला कळत नाही.

'तारुण्याचे शहर' ही कविता व्हिल्नियसची आहे. ज्या रस्त्यांवर कवी विद्यार्थी म्हणून हिंडला तेथे त्याच्या वेळचे कोणीही उरलेले नाही. आपण अद्याप जिवंत आहोत याचाच त्याला संकोच वाटतो. मग एक विलक्षण विचार येतो. त्या साऱ्या गेलेल्या माणसांना आता पाहण्यासाठी केवळ याचे डोळे उरले आहेत. म्हणून तो अडखळत चालतो आणि त्यांच्या वतीने तो प्रकाश, ती पुन्हा फुललेली लायलॅकची फुले पाहतो. त्यांचे रक्त आपल्या शरीरात वाहते आहे असे त्याला जाणवते. फुलांच्या घोसावरून पाण्याचे थेंब एकाच वेळी आपल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर पडतात, अशा करुणेच्या एका क्षणी त्यांच्यातले आणि आपल्यातले अंतर नाहीसे होते.

दर रविवारी मिस्सामध्ये विश्वासांगीकार म्हणणाऱ्या वाचकाला ही जाणीव परकी वाटणार नाही. संतजनांचा समागम हा शब्दप्रयोग आपण इतक्या सवयीने उच्चारतो की त्याचा अर्थ सहसा अंगाला भिडत नाही. जिवंत आणि मृत यांच्यामधील देवाणघेवाण ही येथे कवीच्या नसांतून, श्वासातून, डोळ्यांतून घडते. नोव्हेंबर महिन्यात आपण कबरींवर मेणबत्त्या लावतो तेव्हा मृतांसाठी काहीतरी करतो. मिलोश त्यात एक भर घालतात: त्यांच्या वतीने जगाकडे पाहणे हीदेखील त्यांची सेवा आहे.

'कुरण' या छोट्या कवितेत एज्राच्या ग्रंथातील ते दोन आवाज खरोखर एकमेकांत मिसळतात. जून महिन्यातले, गवत कापायच्या आधीचे नदीकाठचे कुरण कवी शोधतो आणि त्याला ते सापडते. लहानपणची तीच गवते, तीच फुले. अर्धवट मिटल्या डोळ्यांनी तो उजेड आत घेतो, वासाने वेढला जातो आणि आपण विरघळून जात आहोत अशा अवस्थेत आनंदाने रडतो. वाडा गेला, कोठार गेले, नदीचा रंग गेला. एक कुरण राहिले. या मालिकेतील बाकीच्या कविता वाचल्याशिवाय हे रडणे भाबडे वाटेल. त्या वाचल्यावर ते मिळवलेले वाटते.

संग्रहातील 'शेतेयने येथे' ही कविता आईला उद्देशून आहे. मिलोश यांची आई महायुद्ध संपले त्या वर्षी, १९४५ मध्ये, निर्वासित अवस्थेत टायफसने वारली. तिला कवी सांगतो की या जागी आपण प्रथम दिशा शिकलो. खाली झाडांपलीकडे नदीची दिशा, घरामागे अरण्याची, एका बाजूला पवित्र उताराची, दुसऱ्या बाजूला लोहारशाळा आणि होडीच्या धक्क्याची. कोणत्याही खंडात भटकलो तरी तोंड कायम नदीकडे होते. लहान मुलाचा नकाशा असाच असतो. त्यात पूर्व-पश्चिम नसते; चर्चची बाजू असते, विहिरीची बाजू असते, खाडीची बाजू असते. गाव पार बदलले तरी हा नकाशा माणसाच्या अंगात राहतो आणि पुढचे सारे जग त्यावरच मोजले जाते. स्नानसंस्काराची जागा त्या चार दिशांपैकी एक असावी, हे येथे उपदेशाचा एकही शब्द न वापरता आले आहे.

या कवितांविषयी दोन आक्षेप घेता येतील आणि ते टाळू नयेत. पहिला असा, की व्हिल्नियसच्या कवितेतील 'ते' कोण, हे कवी सांगत नाही. त्या शहरात ज्यूंची मोठी वस्ती होती आणि जर्मन अमलात ती शहराजवळच्या पोनारीच्या वनात जवळजवळ संपवली गेली. पोलिश रहिवाशांतील पुष्कळांना युद्धानंतर शहर सोडावे लागले. नैसर्गिक मरणाने गेलेले आणि मारले गेलेले यांना एकाच सर्वनामात बसवणे योग्य आहे काय? मिलोश यांना ज्यूंच्या यातनांचे विस्मरण झाले होते असे कोणी म्हणू शकणार नाही. वॉर्साचे ज्यू वस्तीस्थान जळत होते त्या १९४३ सालीच, भिंतीबाहेरच्या लोकांच्या बेपर्वाईवर त्यांनी 'काम्पो दी फिओरी' ही कविता लिहिली होती. तरीही १९९२ च्या या कवितेत नाव न घेतल्याने काहीतरी निसटले आहे असे मला वाटते. सर्वांना सामावणारी करुणा मोठी असते, पण ज्यांना नाव घेऊन मारले त्यांचे स्मरणही नाव घेऊनच व्हावे.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. गरिबीने चालू राहिलेल्या जीवनाची स्तुती करणारा हा कवी काही दिवसांचा पाहुणा होता. पाहुण्याला समाधानी होणे सोपे जाते. शिवाय मळलेल्या नदीकडे पाहून जीवन धन्य म्हणणे ही नदी मळवणाऱ्यांना दिलेली सूट ठरणार नाही काय? कवितेचा क्रम पाहिला तर याचे उत्तर मिळते. मिलोश आधी तेलकट पाणी दाखवतात, तोडलेली झाडे मोजतात आणि त्यानंतरच धुराकडे वळतात. हानीवर पांघरूण घालून केलेली ही स्तुती नाही. आणि स्तुती होते ती नदी मळवणाऱ्या सत्तेची नाही. त्या सत्तेखाली बटाटे शिजवून जगलेल्या माणसांची होते. पाहुणेपणाचा दोष मात्र काही अंशी उरतो. मिलोश लिथुआनियात राहायला गेले नाहीत. त्यांची अखेरची वर्षे क्राकूव्हमध्ये गेली आणि १४ ऑगस्ट २००४ रोजी ते तेथेच वारले. तेथील मठाच्या चर्चमधील तळघरात त्यांना पुरण्यास काहींनी, ते पुरेसे पोलिश आणि पुरेसे कॅथलिक नव्हते असे म्हणून, विरोध केला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी पाठवलेल्या संदेशाने तो वाद बराचसा शमला. जन्माने लिथुआनियाचा, भाषेने पोलंडचा आणि नागरिकत्वाने अमेरिकेचा असा हा माणूस कोणत्याच भूमीवर मालकी सांगू शकत नव्हता. खोपटातील माणसांशी त्याचे जे नाते जमले, त्याला कदाचित हेही कारण असेल.

आता थोडे आपल्या लेखनाविषयी. आखातात, इस्रायलमध्ये, कॅनडात, ऑस्ट्रेलियात गेलेली आपली माणसे सुटीत गावी येतात. त्यांच्या आणि गावातच राहूनही गाव हरवलेल्या आपल्या लेखकांच्या आठवणी नाताळ अंकांतून दरवर्षी छापून येतात. रहाट, पानवेलींचे मांडव, केळीच्या बागा, बावखलातले पोहणे, लग्नातली गाणी यांचे हे भांडार मोलाचे आहे आणि ते जपलेच पाहिजे. पण यातील कित्येक लेखांच्या शेवटी एक इमारत येते आणि त्या इमारतीतील माणसे लेखकाच्या दुःखाचे कारण ठरतात. ती माणसे कोण? मुंबईत एका खोलीत चार भावांचा संसार करून कंटाळलेला गिरणी कामगाराचा मुलगा असेल, कर्ज काढून दोन खोल्या घेतलेले शिक्षक दांपत्य असेल, पहाटेच्या लोकलमध्ये उभ्याने प्रवास करणारी परिचारिका असेल. आपल्या वाडीच्या जागी उभ्या राहिलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून कुकरची शिट्टी ऐकू येते, तीच आपल्या कवितेतली धुराची नळी आहे. तिच्याविषयी आपल्या साहित्यात फार थोडे आले आहे.

यावर कोणी म्हणेल की अशा समजुतीने हिरवी वसई वाचणार नाही. दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईसाठी लढा उभारला तो जमिनी आणि पाणी गिळणाऱ्या शक्तींविरुद्ध. तो लढा आवश्यक होता. पण ज्या शक्तीने बावखल बुजवले ती आणि त्या भरावावर नळाच्या पाण्याची वाट पाहत बसलेले कुटुंब यांत फरक आहे. लढणाऱ्याला तो फरक कळावा लागतो आणि लिहिणाऱ्याला तर त्याहून अधिक. साहित्यात हा फरक पुसला गेला की आठवणीचे रूपांतर हळूहळू शेजाऱ्याच्या द्वेषात होते आणि मग त्या आठवणीला ख्रिस्ती म्हणता येत नाही, ती कितीही देवळाच्या घंटेने सजवलेली असो.

मिलोश यांच्या कवितांपासून आपल्या लेखकांनी घ्यावे ते एवढेच. जे गेले ते नाव घेऊन, वस्तू मोजून लिहावे. त्यात हयगय नको. जे मेले त्यांच्या वतीने डोळे उघडे ठेवावेत. एखादे कुरण उरले असेल तर त्यात उभे राहून रडायला लाजू नये. आणि लेख संपवण्यापूर्वी एकदा आजूबाजूला पाहावे: जुन्या घराच्या जागी आज कोण राहते, त्यांच्या चुलीवर काय शिजते, येत्या पावसाळ्यासाठी त्यांच्यापाशी पुरेसे आहे की नाही. गाव आपले होते एवढ्याने आपला त्याच्यावरचा अधिकार सिद्ध होत नाही. तेथे आज राहणाऱ्याचे कुशल विचारता आले, तर मात्र आपण त्या गावी खऱ्या अर्थाने परतलो असे म्हणता येईल.